मेहुण्याच्या आवारातली स्वतंत्र प्रयोगशाळा

१२ जानेवारी

आज पाटी लागली. निळ्यावर पिवळ्या अक्षरांत 'स्वतंत्र सुरक्षा चाचणी प्रयोगशाळा'. त्याखाली माझं नाव, त्याखाली पदवी. पदवीची अक्षरं नावापेक्षा जरा मोठी झालीत, पण तो पेंटरचा दोष. मी फक्त 'नीट दिसू दे' एवढंच म्हणालो होतो.

इतकी वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काढली. मी 'नापास' लिहायचं आणि वरच्या साहेबांनी त्यापुढे 'तरीही चालेल' लिहायचं. ते आता संपलं. उंचावर काम करणाऱ्यांचे सेफ्टी बेल्ट, हेल्मेट, बूट, हातमोजे. कामगाराचा जीव वाचवतं म्हणून जे जे विकलं जातं, ते खरंच वाचवतं का, हे मी तपासणार. सरकारची मान्यता मिळाली की माझ्या सहीला वजन येईल. अर्ज गेलाय. सहीचा सराव चालू आहे.

जागा मेहुण्याने दिली, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने. त्याच्या कारखान्यामागे जुनं कोल्ड स्टोरेज आहे. बेल्ट तपासायचा तर वजन वरून खाली पाडावं लागतं, त्यासाठी असं उंच छत शोधूनही सापडलं नसतं. भाडं घेत नाही. वीज त्याच्याच मीटरवरून, चहा त्याच्याच कँटीनमधून, खुर्च्या त्याच्याच ऑफिसातल्या. पाटीही त्याच्याच पेंटरने रंगवली, म्हणून निळी-पिवळी. तो त्याच्या कंपनीचा रंग. कंपनी सेफ्टी बेल्टच बनवते, म्हणजे मला तपासायला मालही हाताशी. नशीब लागतं अशा गोष्टींना.

बायको शाळेत विज्ञान शिकवते. पाटीकडे बराच वेळ बघून म्हणाली, "स्वतंत्र म्हणजे कुणापासून?"

मी म्हटलं, "आता व्याकरणात शिरू नकोस. छान दिसतेय ना?"

"दिसतेय छान," ती म्हणाली.

१७ जानेवारी

मदतनीस मिळाले. आमच्या जुन्या कारखान्यातले निवृत्त स्टोअरकीपर. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो, जरी ते माझ्यापेक्षा फार मोठे नाहीत. दिवसभर घरात बसून सूचना देतात म्हणून काकूंनी त्यांना माझ्याकडे धाडलंय. आता त्या सूचना मला मिळतात.

बेल्ट तपासायला माणसाच्या वजनाचं लाकडी धड लागतं. ते आज आलं. काकांनी त्याला लगेच 'साहेब' म्हणायला सुरुवात केली. साहेबांना बेल्ट घालायचा, साखळीने वर चढवायचं आणि हूक सोडायचा. साहेब धाडकन खाली येतात, दोरी ताणली जाते, जोर मोजणारा काटा उडी मारतो, आणि बेल्ट टिकला तर साहेब अधांतरी झोके घेतात. काका दर वेळी "सांभाळून बरं का, साहेब" म्हणतात आणि मग अगदी मनापासून हूक सोडतात. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

मीही एकदा सोडून पाहिला. खरंच बरं वाटतं.

२८ जानेवारी

मेहुणा स्वतः बेल्ट घेऊन आला. कोऱ्या पिशव्यांतले, चकचकीत. एकेक करून सगळे पाडले, सगळे टिकले. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या, काकांनी वाजवल्या, मीही वाजवल्या. परीक्षकाने परीक्षेत टाळ्या वाजवाव्यात का, हा विचार घरी आल्यावर मनात आला, पण तोवर वाजवून झाल्या होत्या.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "मान्यता आली की पहिलं प्रमाणपत्र आमचं हां."

"अर्थात," मी म्हणालो. "घरचा माल इतका चांगला असेल असं वाटलं नव्हतं."

तो हसला. फार मोकळा माणूस आहे.

४ फेब्रुवारी

आमच्या समोरच्या इमारतीला बाहेरून रंग लावायचं काम सुरू झालंय. मी सकाळी बाल्कनीत दात घासायला उभा राहतो, तेव्हा एक रंगारी बरोबर माझ्या समोर, दोरीवर लटकलेला असतो. अंगात निळा बेल्ट, पिवळी शिलाई. आपलाच! मला एकदम आप्त भेटल्यासारखं झालं. मी ब्रश हलवून नमस्कार केला. त्याने त्याचा ब्रश हलवला.

"बेल्ट कसा आहे?" मी ओरडून विचारलं.

"काचतो," तो म्हणाला.

ही बाब चाचणीत येत नाही.

९ फेब्रुवारी

मेहुण्याने दिलेले बेल्ट संपले होते. सरकारी तपासणी तोंडावर आलीय, सराव हवा, म्हणून काका बाजारातून त्याच कंपनीचा एक बेल्ट विकत घेऊन आले. साहेबांना चढवलं, हूक सोडला. टर्र असा आवाज झाला आणि साहेब सरळ जमिनीवर. खांद्यावरची शिलाई उसवून पट्टा सुटला. फरशीचा टवका उडाला.

"गेले," काका टोपी काढून म्हणाले.

म्हणजे माझ्या यंत्रात बिघाड आहे. तपासणी जवळ आलेली असताना! हूक सुटताना वजनाला झटका बसत असणार. किंवा तुळई हलत असेल. मला वाटतच होतं, इतकं सुरळीत माझ्या हातून काही होत नसतं.

११ फेब्रुवारी

पूर्ण यंत्र खोललं.

१३ फेब्रुवारी

पूर्ण यंत्र जोडलं. एक वॉशर उरला. पुन्हा खोललं. तो वॉशर काकांच्या खिशातला होता.

१५ फेब्रुवारी

यंत्रात काही सापडलं नाही. आणखी दोन बेल्ट आणले, वेगळ्या दुकानांतून. दोन्ही फाटले. जेवताना मी बायकोला म्हटलं, "बहुतेक हे यंत्र मला जमत नाहीये. या वयात नवीन काही काढायलाच नको होतं."

तिने विचारलं, "धाकट्याने स्वतः आणून दिलेले टिकले आणि दुकानातले फाटले, असंच ना?"

"हो."

"आणि यंत्र तेच?"

"तेच तर कोडं आहे!"

ती माझ्याकडे बघत राहिली. आठवीच्या वर्गात ती अशी बघत असेल. मग उठून तिने ताटं उचलली. मी बेसिनपाशी हात धूत होतो, आणि नळाखालीच ते माझ्या डोक्यात शिरलं. हात बराच वेळ धुतले मग.

१६ फेब्रुवारी

मेहुण्याशी स्पष्ट बोललो. म्हणजे स्पष्ट बोलायचं ठरवून गेलो, त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, मुलीचं लग्न कधी काढताय म्हणून विचारलं. आम्हाला मुलगाच आहे आणि तू त्याचा मामा आहेस, हे मी सांगितलं. त्यात पहिला चहा संपला. दुसऱ्या चहाला मी फाटलेला पट्टा टेबलावर ठेवला.

त्याने तो हातात घेऊन शिलाईवरून अंगठा फिरवला. चेहऱ्यावरचं हसू जरा विझलं.

"दोरा बदललाय मध्यंतरी," तो म्हणाला. "पहिला परवडत नव्हता. स्पर्धा किती आहे, तुम्हाला कल्पना नाही."

"आणि मला दिलेले बेल्ट?"

"ते जुन्या दोऱ्याचे. भाऊजी, दाखवायचा माल वेगळा शिवायचाच असतो. सगळेच शिवतात. आणि कोण पडतंय रोज? इतक्या वर्षांत एक तक्रार नाही."

"पडलेला माणूस तक्रार करायला येत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं. खरं तर ते मला जिना उतरल्यावर सुचलं. तिथे मी फक्त "बघ बाबा" असं म्हणालो होतो.

निघताना त्याने खांद्यावर हात ठेवला. "तपासणी होऊन जाऊ द्या. तुमची मान्यता अडायला नको. मग बघू आपण निवांत."

१७ फेब्रुवारी

शांत डोक्याने विचार केला. आत्ता मी बोललो तर मला विचारतो कोण? माझ्याकडे मान्यता नाही. भांडण झालं तर जागा जाईल, जागा गेली तर तपासणी होणार नाही, म्हणजे मान्यताही नाही. उलट मान्यता मिळाल्यावर मी 'नापास' लिहिलं तर ते कायद्याने नापास. तेव्हा थोडं थांबणंच कामगारांच्या हिताचं आहे. मुद्दे क्रमाने मांडले की किती स्वच्छ दिसतं.

बायकोला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तिचंही मत तेच दिसतंय.

आज दात आत, न्हाणीघरातच घासले. बाल्कनीत वारा फार होता.

१८ फेब्रुवारी

बायको शाळेतून परस्पर भावाकडे गेली होती. सहजच, म्हणाली. परत आली तेव्हा डोळे लाल. खडूच्या धुळीने हल्ली फार होतं तिला. मी लगेच जाऊन डोळ्यांत घालायचे थेंब आणले. तिने बाटली घेतली, माझ्या हातावर जरा थोपटलं आणि ती बाटली न उघडताच कपाटात ठेवली.

१९ फेब्रुवारी

न्हाणीघरात नळाला पाणी नव्हतं, म्हणून तांब्या घेऊन बाल्कनीत गेलो. समोर रंगारी छपराखालच्या कोपऱ्याला पोचायला धडपडत होता. हात पुरेना म्हणून त्याने दोन्ही पाय भिंतीला लावले आणि पाठीमागे रेलला. अख्खा भार बेल्टवर. खांद्यावरची पिवळी शिलाई मला इथून दिसत होती, किंवा तसं वाटत होतं.

मी ओरडलो. तोंडात पेस्टचा फेस, शब्द काय फुटणार! घरातल्या चपला घालून, ब्रश हातात घेऊन तसाच खाली धावलो. हा माणूस काय बोंबलतोय म्हणून रंगारीही खाली आला.

"कुणाला काय झालं?"

"बेल्ट काढ! तो फाटतो!"

त्याने बेल्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काढून काय घालू?"

तेवढ्यात कंत्राटदार आला.

"आपण कोण?"

"मी स्वतंत्र सुरक्षा चाचणी प्रयोगशाळेचा..." हनुवटीवरचा फेस पुसत मी सांगितलं.

"सरकारमान्य?"

"अर्ज केलाय."

"अर्ज मीही बरेच केलेत," तो म्हणाला. "कंपनीचा माल आहे, छापसुद्धा आहे त्यावर. तुम्ही काम थांबवलंत तर मजुरी तुम्ही देणार का?" आणि रंगाऱ्याला त्याने मानेनेच वर जायला सांगितलं.

मी तिथून हललो नाही. प्रयोगशाळेत गेलो नाही, जेवायला वर गेलो नाही. दिवसभर त्या माणसाच्या बरोबर खाली उभा राहिलो. तो पडला असता तर मी काय झेलणार होतो? माझ्याच डोक्यावर पडला असता, एवढाच काय तो फरक. दुपारी तो वरून म्हणाला, "अहो, तुम्ही असे खाली उभे राहिलात की माझा हात कापतो हो."

शाळा सुटल्यावर बायको आली. काही न विचारता वर गेली, घडीची खुर्ची घेऊन आली, मला बसवलं आणि कामाची वेळ संपेपर्यंत माझ्या शेजारी उभी राहिली. दोघंही वर बघत होतो.

२० फेब्रुवारी

सकाळी कंत्राटदाराला गाठून आमच्या जुन्या कारखान्यातले दोन बेल्ट दिले. काकांनी कुणाकडून तरी मिळवले, दुसऱ्या कंपनीचे. आधी त्याच खोक्यातले दुसरे साहेबांना घालून पाडले होते, टिकले होते. पण एकदा पाडलेला बेल्ट पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून हे न पाडलेले दिले. रंगाऱ्याने घालून पाहिला.

"हा पण काचतो," म्हणाला.

काचू दे. आपल्यापुरतं निभावलं, असं घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "समोरच्या इमारतीपुरतं."

२२ फेब्रुवारी

तपासणी झाली. जसं घडलं तसं लिहितो.

सरकारी परीक्षक बाई आल्या. बारीक चणीच्या, आवाज त्याहून बारीक. त्यांनी काटा तपासला, तुळई तपासली, साखळी ओढून पाहिली. साहेबांचं वजन केलं. मेहुणा पाहुणचाराला हजर होताच. टेबलावर त्याने कोरे बेल्ट ओळीने मांडून ठेवले होते.

"एक चाचणी करून दाखवा," बाई म्हणाल्या.

मी धैर्याने निर्णय घेतला असं लिहायला मला आवडलं असतं. खरं असं की मी टेबलावरचाच बेल्ट उचलला. साहेबांना घातला, बकलं लावली, पट्टे आवळले. शेवटचा पट्टा आवळताना खांद्याच्या शिलाईवर बोट गेलं आणि बोट तिथेच अडकल्यासारखं झालं. मग बकलं काढली. सगळी. काढायला घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"काका, बाजारातला आणा."

काका तो हातात घेऊनच उभे होते. केव्हापासून, कोण जाणे.

"भाऊजी, मॅडमचा वेळ जाईल उगाच," मेहुणा म्हणाला.

"मला वेळ आहे," बाई म्हणाल्या.

काका या वेळी "सांभाळून" म्हणाले नाहीत. हूक सुटला, टर्र झालं, साहेब जमिनीवर. बाईंनी काटा पुन्हा पाहिला. बाजारातला दुसरा बेल्ट पाडायला लावला. तोही गेला. मग टेबलावरचा पाडायला लावला. तो टिकला. फाटलेला आणि टिकलेला, दोन्ही पट्टे शेजारी शेजारी धरून त्या खिडकीपाशी गेल्या. मेहुणा कधी निघून गेला ते मला कळलंच नाही.

"काम चोख आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "यंत्र उत्तम. प्रयोगशाळा कुठे आहे?"

"ही काय."

"ही त्यांची आहे. जागा त्यांची, वीज त्यांची." त्यांनी हातातला कप उलटा करून दाखवला. निळा-पिवळा छाप. "ते भाऊजी म्हणतात तुम्हाला. मला मान्यता देता येणार नाही."

मी मान हलवली. आश्चर्य म्हणजे मला हलकं वाटलं.

"मग हे बेल्ट? माझा अहवाल तर चालणार नाही."

"तुमचा नाही चालणार," फाटलेले पट्टे पिशवीत घालत त्या म्हणाल्या. "माझा चालेल. माझ्या डोळ्यांसमोर फाटलेत."

२५ फेब्रुवारी

मेहुण्याचा माल थांबवलाय. दुकानांतून बेल्ट परत मागवलेत, ठिकठिकाणची कामं अडलीत. सकाळी समोरच्या रंगाऱ्याचा भाऊ येऊन मला सुनावून गेला. तो दुसरीकडे टॉवरवर असतो, नवे बेल्ट येईपर्यंत घरी बसलाय. "तुमच्यामुळे," म्हणाला. मी म्हटलं, "हो." माझ्या व्यावसायिक आयुष्यातलं हे पहिलं फळ.

दुपारी कोल्ड स्टोरेजला मेहुण्याचं कुलूप.

२७ फेब्रुवारी

काकांनी किल्ली मागून आणली, सामान हलवलं. साहेब टेंपोत उभे राहीनात, म्हणून आडवे घालून वर चादर टाकली. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाने हात जोडले. पाटी काढताना मधोमध चिरली. बायकोने एकेक वस्तू मोजून आत ठेवली आणि शेवटी बंद दाराकडे तोंड करून थोडा वेळ उभी राहिली. काही राहिलं का ते बघत असावी.

१४ मार्च

घरचा फोन बिघडलाय. रोज जेवणं झाली की तो वाजायचा, बायको आणि तिचा भाऊ दिवसभराच्या गप्पा मारायचे. हल्ली वाजतच नाही. ती त्या वेळेला फोनजवळच काहीतरी विणत बसते. मी तक्रार नोंदवून माणूस बोलावला. त्याने तपासलं, फोन ठीक आहे म्हणाला.

तो गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "यंत्रात काही नाही म्हणतो."

"नसणारच," ती म्हणाली.

आणि मग, एकदाचं, मला कळलं. याही वेळी मी यंत्रच खोलून बसलो होतो.

३ मे

नवी जागा मिळाली. बंद पडलेल्या छापखान्याची खोली, भाड्याची, मीटर माझ्या नावाचा. नवा अर्ज, नवी तपासणी. त्याच बाई आल्या, कप उलटा करून पाहिला, खाली काही नव्हतं.

आज मान्यता आली! बूट, हातमोजे आणि हेल्मेटसाठी. बेल्टसाठी नाही, छत ठेंगणं आहे, साहेबांना पडायला उंची पुरत नाही. ते कोपऱ्यात उभे असतात, काका त्यांच्यावर टोपी अडकवतात. म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत मी सरकारमान्य आहे, मधला भाग सोडून. बायको हसली, पण तोंडदेखलं.

१९ मे

दुपारी मेहुणा आला. बायको सुट्टीमुळे प्रयोगशाळेतच होती, हातमोज्यांच्या जोड्या लावत. तो दारातच थांबला. वाळलाय. हातात एक बेल्ट, कोऱ्या पिशवीतला नाही, नुसताच.

"जुना दोरा पुन्हा सुरू केलाय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "दुहेरी शिलाई. गोदामातून डोळे मिटून एक उचलला. तुम्ही पाडून बघा. फाटला तर फाटला."

बायकोच्या हातातला मोजा तसाच राहिला. काका उगाचच खिडकी पुसायला लागले.

छताचं कारण सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण मी बेल्ट हातात घेतला, शिलाई बघितली, आणि म्हणालो, "मला नाही तपासता येणार. नियम आहे. तू माझा मेहुणा आहेस."

त्याने बेल्ट परत घेतला. बेल्टचं बकल उघडत आणि लावत राहिला.

"म्हणजे अजून मेहुणा आहे मी?" त्याने विचारलं.

"सरकारने लेखी कळवलंय," मी म्हणालो. "त्याच कारणाने मान्यता नाकारली होती."

बायको आधी हसली आणि मग रडली. या खेपेला मी थेंब आणायला धावलो नाही. मेहुण्याला दुसऱ्या प्रयोगशाळेचा पत्ता दिला, जिथे त्याचा कुणी भाऊजी नाही. निघताना त्याने बायकोच्या पुढ्यातला एक मोजा उचलून, जोडी चुकलीय म्हणून, दुसऱ्या ढिगात ठेवला.

जेवणं झाल्यावर फोन वाजला. मी हिशेब करत होतो, उठलो नाही. बायको आत तासभर बोलत होती. एकदा माझं नाव निघालं, आणि दोघंही खूप हसली.